साबणाची लाईन आणि पहिली नोकरी

(मंडळाच्या गणेशोत्सवात तरुणांसाठी ठेवलेल्या मार्गदर्शनाच्या संध्याकाळी केलेले भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



सेक्रेटरींनी मला दिलेला विषय असा आहे : साबण, पावडर, बिस्किटं अशा रोजच्या वापराच्या वस्तू बनवणाऱ्या मोठ्या कंपनीत, उत्पादन विभागात, नोकरीची सुरुवात कशी होते आणि पुढे काय होतं. रेल्वेतल्या माणसाला हा विषय कशासाठी, असं मघाशी चहाच्या वेळी दोघांनी विचारलं. तर सांगतो. १९९९ साली मेकॅनिकलचा डिप्लोमा झाल्यावर मी तीन वर्षं साबणाच्या कारखान्यात होतो. २००२ साली रेल्वेत लागलो. आज इथं भोपाळला, निशातपुऱ्याच्या वर्कशॉपमध्ये, बारा-पंधरा वर्षं धावून थकलेले डबे आम्ही पुन्हा उभे करतो, हे तुमच्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. तिथं सकाळी पाळी सुरू होताना मी जे काही करतो त्यातलं निम्मंअधिक साबणाच्या लाईनवर शिकलेलं आहे. त्या कंपनीचं नाव घेणार नाही, कारण काही गोष्टी चांगल्या सांगणार आहे आणि काही तशा नाहीत.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. या वर्षी आपल्या कॉलनीतल्या तीन घरांतून मला एकच प्रश्न आला. मुलाला, एका घरी मुलीला, मंडीदीपच्या कंपनीचं पत्र आलंय. जाऊ द्यावं, की घरी बसून रेल्वेच्या परीक्षेची तयारी करू द्यावी? म्हणजे आजचं भाषण मुलांइतकंच आईवडिलांसाठी आहे. तेव्हा काकांनी कृपया सुपारी कातरणं थोडा वेळ थांबवावं.

आधी तेच बोलतो. रेल्वेत ज्युनियर इंजिनियरच्या भरतीची मोठी जाहिरात २०१८ च्या डिसेंबरअखेर निघाली होती, तेरा हजारांवर जागा होत्या. त्यानंतरची निघाली २०२४ च्या जुलैत, ७,९५१ जागांची. मधली साडेपाच वर्षं मोजा. २०१९ ला डिप्लोमा झालेला मुलगा तयारी करत बसला असेल तर तो एकविसाव्या वर्षी बसला आणि सव्विसाव्या वर्षी त्याला फॉर्म भरायला मिळाला. आता दरवर्षी भरतीचं वेळापत्रक जाहीर करण्याची पद्धत सुरू झाली आहे, ते चांगलंच आहे. पण कारखान्याचा मॅनेजर मुलाखतीत पहिलं बोट ठेवतो ते बायोडाटामधल्या रिकाम्या वर्षांवर.

आणि पेन्शन. "सरकारी ती सरकारी" असं म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे आपली स्वतःची पेन्शन असते. मी २००२ चा, म्हणून मला जुनी पेन्शन आहे. १ जानेवारी २००४ नंतर लागलेल्यांना ती नाही. त्यांच्यासाठी नवी योजना आली, पगारातून वर्गणी कापून जमणारी. १ एप्रिल २०२५ पासून त्यात युनिफाइड पेन्शनचा पर्याय आला, पंचवीस वर्षं नोकरी झाली तर शेवटच्या वर्षाच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी रक्कम. ही वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण तुमचा मुलगा जो सौदा करणार आहे तो तुम्ही केलेला सौदा नाही, एवढं लक्षात घेऊन तुलना करा. रेल्वेची परीक्षा द्यायला माझा विरोध नाही, मी स्वतः कारखान्यात असतानाच दिली. रात्रपाळी संपवून, होस्टेलच्या खोलीत, दुपारी तीन तास.

आता कारखाना. मंडीदीप स्टेशन इटारसीच्या गाडीने येता-जाता आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. तिथं प्रॉक्टर अँड गँबलचा कारखाना आहे. छिंदवाड्याला हिंदुस्थान युनिलिव्हरचा आहे, ग्वाल्हेरजवळ मालनपूरला गोदरेजचा आहे, आणि पूर्वी ज्याला कॅडबरी म्हणत त्या मोंडेलीझचाही. म्हणजे मुंबई-पुण्याला गेल्याशिवाय यात शिरता येत नाही असं नाही. या धंद्याला आपल्या देशात चांगली शंभर वर्षं झाली. गोदरेजांनी वनस्पती तेलाचा साबण शंभरेक वर्षांपूर्वी आणला. लीव्हर ब्रदर्सनी मुंबईत शिवडीला १९३४ मध्ये साबण बनवायला सुरुवात केली, आणि त्याच कंपनीत १९३७ साली लागलेले प्रकाश टंडन १९६१ मध्ये तिचे पहिले भारतीय चेअरमन झाले. नव्या लोकांना शिकवण्याची पद्धत या कंपन्यांनी फार विचार करून बसवलेली आहे. हिंदुस्थान लीव्हर आपल्या मॅनेजमेंट ट्रेनींना १९७० च्या दशकापासून उत्तर प्रदेशातल्या एटा जिल्ह्यात खेड्यात राहायला पाठवत असे. साबण विकत घेणारं माणूस कसं जगतं हे त्या पोरांना कळावं म्हणून.

आम्हा डिप्लोमावाल्यांना एटा वगैरे काही नव्हतं. आम्हाला थेट लाईन.

लाईन म्हणजे काय ते सांगतो, कारण मुलाखतीला जाणाऱ्या पोरांना साबण कसा बनतो हेच माहीत नसतं आणि कंपनीच्या जाहिराती मात्र पाठ असतात. तेलापासून तयार झालेला साबण नूडल्सच्या रूपात येतो, जाड शेवेसारखा. मिक्सरमध्ये त्यात सुगंध, रंग आणि बाकीचे जिन्नस पडतात. मग तो रोलर मिलमधून पिळून एकजीव होतो. पुढे प्लॉडर. प्लॉडर म्हणजे काकूंच्या चकलीच्या सोऱ्याचा थोरला भाऊ समजा, आत स्क्रू फिरतो, हवा ओढून घेतली जाते आणि तोंडातून साबणाची अखंड लांब वडी बाहेर येते. ती कापायची, थंड केलेल्या डायमध्ये दाबून छाप उठवायचा, वेष्टनात गुंडाळायची, डब्यात भरायची. डाय थंड नसेल तर साबण चिकटतो आणि छापाचं नाक कापलं जातं. (जाता जाता काकूंसाठी : पाकिटावर टीएफएम लिहिलेलं असतं, म्हणजे साबणातला स्निग्ध अंश. आपल्या मानकाप्रमाणे पहिल्या प्रतीच्या टॉयलेट साबणात तो किमान ७६ टक्के लागतो. 'बाथिंग बार' लिहिलं असेल तर त्याचं मानक निराळं. घरी जाऊन वाचून बघा.)

नव्या पोराला पहिल्या दिवशी कळतं की हे सगळं एका रांगेत बांधलेलं आहे. आमच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये एका डब्याचं काम अडलं तर शेजारच्या डब्याचं चालू राहतं. लाईनवर गुंडाळणारं मशीन अडलं की मागचा प्लॉडर थांबवावा लागतो, प्लॉडरमधला साबण घट्ट होऊ लागतो, आणि मग पुन्हा सुरू करताना पहिली वीस मिनिटं भंगारात.

समजा मशीन मिनिटाला २०० वड्या गुंडाळतं. आठ तासांची पाळी, म्हणजे ४८० मिनिटं, म्हणजे ९६ हजार वड्या. आता मशीन ९० टक्के वेळ चालू राहिलं, चालू असताना ९० टक्के वेगाने चाललं, आणि तयार मालातला ९८ टक्के चांगला निघाला. तिन्ही आकडे ऐकायला छान. पण हिशेब गुणाकाराचा आहे. उत्तर येतं ७९ टक्के. ९६ हजारांतून वीस हजार वड्या कुठं गेल्या याचं उत्तर सकाळी साडेआठच्या बैठकीत पाळीच्या सुपरवायझरनं द्यायचं असतं, आणि तो सुपरवायझर म्हणजे तुम्ही, वय वर्षं बावीस. या आकड्याला ओईई म्हणतात. मुलाखतीला जाणाऱ्यानं हा गुणाकार हाताने दहा वेळा करून जावा.

वजनाचंही तसंच. पाकिटावर ७५ ग्रॅम लिहिलं की त्याहून कमी देणं हा कायद्यानं गुन्हा. साबणातलं पाणी पुढे उडतं, म्हणून 'पॅक करतानाचे वजन' असं छापलेलं असतं. कमी जाऊ नये म्हणून ऑपरेटर हात सैल सोडतो आणि वडी ७६ ग्रॅमची जाते. एक ग्रॅमनं काय होतंय? पाळीला ७६ हजार वड्या धरा. ७६ किलो साबण. तीन पाळ्यांत २२८ किलो. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ६८ टनांवर, म्हणजे नऊ लाखांहून जास्त वड्या फुकट वाटल्या. माझ्या पहिल्या मॅनेजरांनी हा हिशेब मला जेवणाच्या टेबलावर, पेपर नॅपकिनवर करून दाखवला होता. मी त्या दिवसापासून दर तासाला दहा वड्या स्वतः तोलायला लागलो आणि आजही वर्कशॉपमध्ये कुणी "थोडंसं जास्त गेलं" म्हणालं की माझा हात कॅल्क्युलेटरकडे जातो. सहकारी मागे हसताहेत, त्यांना माहीत आहे.

पण हिशेब कुणीही शिकतो. कठीण आहे ती माणसं. माझ्या पाळीत चौदा माणसं होती. माझ्याहून लहान एकच. सगळ्यांत मोठे होते ते प्लॉडरवरचे, त्यांना सगळे उस्ताद म्हणत. सतरा वर्षं त्याच मशीनवर. शिक्षण आठवी. पहिल्या आठवड्यात त्यांनी माझ्याशी कामापुरतं सोडून एक शब्द बोलला नाही. मीही साहेबी दाखवायला गेलो नाही, कारण मला वडिलांनी निघताना एकच सांगितलं होतं, की वयानं मोठ्याला "जी" लावायचं आणि चहा त्यांच्याबरोबरच प्यायचा. वडील स्वतः लोकोमध्ये फिटर होते. त्यांना सुपरवायझरची नवी पोरं चांगली ठाऊक होती.

उस्तादांकडून मी काय शिकलो ते पुस्तकात शोधून सापडणार नाही. ते प्लॉडरच्या गिअरबॉक्सवर हात ठेवून सांगायचे, "साहब, आज इसकी तबीयत ठीक नहीं।" साबणाची वडी तोडून कापाकडे बघायचे आणि ओलावा सांगायचे, प्रयोगशाळेचा आकडा अर्ध्या तासानं यायचा, जवळपास तोच. जपान्यांनी टीपीएम नावाची जी पद्धत काढली, जी आपल्याकडच्या मोठ्या कंपन्यांनी नव्वदच्या दशकापासून उचलली, तिचं पहिलं पाऊल हेच आहे की ऑपरेटरनं आपलं मशीन स्वतः पुसायचं, तेल द्यायचं, आणि पुसता पुसता तपासायचं. सैल बोल्ट पुसणाऱ्याच्या बोटाला आधी लागतो. उस्तादांना टीपीएम हा शब्द आवडत नसे. "हम तो पहले से करते हैं, अब काग़ज़ पे लिखना पड़ता है।" कागदावर लिहायचं काम मी घेतलं आणि आमची गट्टी जमली.

आता एक प्रसंग सांगतो. चौथा महिना असेल, महिनाअखेर, रात्रपाळी. डिस्पॅचला माल कमी पडत होता, तिन्ही पाळ्यांना सांगितलं होतं की लाईन थांबता कामा नये. दहा वाजता पाळी घेतली आणि नेहमीप्रमाणे लाईनवर चक्कर मारली, तर स्टँपिंग मशीनच्या जाळीचा स्विच तारेनं बांधलेला. समजावून सांगतो. डायच्या पुढे संरक्षक जाळी असते. जाळी उघडली की स्विच सुटतो आणि मशीन बंद पडतं, म्हणजे हात आत असताना डाय खाली येऊ शकत नाही. आदल्या पाळीत साबण सारखा चिकटत होता, दर वेळी जाळी उघडून मशीन थांबत होतं, म्हणून कुणीतरी स्विच तारेनं बांधून टाकला होता. जाळी उघडी, मशीन चालू, आणि ऑपरेटर पट्टीनं साबण खरवडतोय.

मी मशीन थांबवलं. आदल्या पाळीचा सुपरवायझर अजून गेटवर गेला नव्हता. तो मला चार वर्षांनी वरचा. तो म्हणाला, "सकाळपर्यंत चालू दे, महिना संपला की मेंटेनन्सला देऊ." मी तार काढली. मग कळलं की स्विचच खराब झालाय, तार काढल्यावर मशीन सुरूच होईना. स्टोअरला रात्री कुलूप. स्टोअरकीपरला घरून बोलवून आणला, इलेक्ट्रिशियननं स्विच बदलला, डायचं थंड पाणी कमी येत होतं म्हणून साबण चिकटत होता, त्याचं फिल्टर काढून धुतलं. एक तास दहा मिनिटं लाईन बंद. चौदा माणसं उभी राहून माझ्याकडे बघत होती. खोटं कशाला सांगू, सकाळी नोकरी राहील की नाही असं मनात येऊन गेलं. प्रोबेशनवर होतो.

लॉगबुकात मी वेळेसकट सगळं लिहिलं. नावं लिहिली नाहीत, तार लिहिली. सकाळी साडेआठच्या बैठकीत मॅनेजरांनी लॉगबुक वाचलं, वर बघितलं, आणि विचारलं, "फिल्टर किती दिवसांनी धुतात?" कुणालाच सांगता येईना. त्या दिवशी फिल्टर धुण्याचं वेळापत्रक ठरलं. मला शाबासकी नाही, ओरडाही नाही. पण नंतर पंधरा दिवस मला रात्रपाळीच लागत राहिली, आणि ती सहज लागली असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. तेही सांगायला हवं. मोठ्या कंपनीच्या भिंतीवर 'सुरक्षा प्रथम' ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, आणि महिनाअखेरीला तिच भिंत लोक पाहत नाहीत. मात्र त्या रात्रीनंतर उस्ताद माझ्यासाठी डब्यातली भाजी काढून ठेवू लागले. स्टँपिंगवरचा तो ऑपरेटर, त्याच्या बोटांवर माझी नजर आपोआप जायची. दहाच्या दहा होती.

चांगल्या गोष्टींपैकी एक लगेच सांगून टाकतो. आमच्याकडे एका साबणावरून दुसऱ्यावर जायला, डाय आणि वेष्टन बदलायला, दोन तास लागत. जपानच्या शिगेओ शिंगो यांनी टोयोटात एक हजार टनांच्या प्रेसवर चार तासांचं हेच काम तीन मिनिटांवर आणलं होतं. युक्ती अशी की मशीन चालू असताना जे करता येतं ते मशीन बंद करून करायचं नाही. पुढची डाय आधीच थंड करून ठेवायची, पाने आणि बोल्ट ट्रॉलीवर मांडून ठेवायचे. आम्ही चार महिने खटपट करून दोन तासांचे पन्नास मिनिटं केले. त्यात मुख्य सूचना फिटरच्या होत्या, माझ्या हातात घड्याळ आणि वही. वर्कशॉपमध्ये आलो तेव्हा पाहिलं, डबा उचलायचा आणि काढलेली बोगी दुरुस्त होईपर्यंत थांबायच्या ऐवजी आधी तयार करून ठेवलेली बोगी खाली सरकवायची, हीच अक्कल रेल्वेत कितीतरी जुनी आहे. आपण तिला युनिट एक्स्चेंज म्हणतो. फक्त नाव निराळं.

आता पत्राबद्दल, कारण खरी फसगत तिथं होते. पत्र हातात आलं की पहिल्यांदा वरचं बोधचिन्ह बघू नका, खाली सही कुणाची आहे ते बघा. कंपनीची आहे, की माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराची? एकाच लाईनवर, एकाच रंगाच्या टोपीत दोघं उभे असतात, एक कंपनीचा आणि एक ठेकेदाराचा, आणि दोघांच्या पाच वर्षांनंतरच्या वाटा अगदी वेगळ्या असतात. ॲप्रेंटिस म्हणून घेतलं असेल तर तो करार शिकण्याचा आहे, नोकरीचा नाही. ॲप्रेंटिस कायदा १९६१ चा, त्यात नंतर कायम करण्याचं बंधन मालकावर येत नाही, करारात तसं लिहून दिलं असेल तरच. तरीही एक वर्षाची ॲप्रेंटिसशिप मी चांगली समजतो. फक्त घरी "मुलगा कंपनीत लागला" म्हणून पेढे वाटू नका, एवढंच.

आणि वरची वाट. डिप्लोमाला यात एक छत आहे, ते लपवून उपयोग नाही. डिप्लोमा ट्रेनी लाईनवर लागतो, पदवीवाला थोडा वर, आणि मोठ्या संस्थांतून येणारा मॅनेजमेंट ट्रेनी वर्षभर सगळी खाती फिरून सरळ मॅनेजर होतो. मुंबईची नीटी, जी २०२३ साली आयआयएम मुंबई झाली, तिथून आलेला एक मुलगा आमच्या लाईनवर दीड महिना होता. माझ्याहून वर्षाने मोठा असेल. हुशार, उस्तादांशी नीट बोलणारा. मी कंपनी सोडली तेव्हा तो आमच्या मॅनेजरांच्या जागेवर येण्याच्या रांगेत होता. मला राग नव्हता, पण वाट कुठं बंद होते ते दिसलं. म्हणून सांगतो, डिप्लोमानंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो, तो घेता येत असेल तर घ्या. घरची परिस्थिती तशी नसेल तर दोन वर्षं लाईनवर काढून, पैसे साठवून घ्या. लाईन पाहिलेला मुलगा वर्गात वेगळा बसतो.

मी स्वतः का सोडली? रेल्वेचं पत्र आलं, वडील निवृत्त झाले होते, आईचे गुडघे गेले होते, आणि फिरत्या पाळ्यांत माझी झोप कधीच बसली नाही. सहा महिने सकाळ-दुपार-रात्र करून बघा, मग कळेल. हे ज्याच्या अंगाला मानवत नाही त्यानं त्यात वर्षानुवर्षं राहू नये.

मुलींच्या आयांचा प्रश्न रात्रपाळीचा असतो. १९४८ च्या कारखाना कायद्यात बायकांना संध्याकाळी ७ ते सकाळी ६ कारखान्यात काम करायला बंदी होती. २००० साली मद्रास उच्च न्यायालयानं ती तरतूद रद्द ठरवली, आणि २०२० साली संसदेनं मंजूर केलेल्या कामगार संहितेत बाईची संमती आणि सुरक्षेच्या अटी यांवर रात्रीचं काम खुलं केलं आहे. म्हणजे प्रश्न "चालेल का" हा उरला नाही. विचारायचं ते हे : बस घराच्या दारापर्यंत येते की चौकापर्यंत, पाळीत अजून किती बायका आहेत, रात्री दवाखान्यात कोण असतं. पत्र आलेल्या आपल्या मुलीनं मुलाखतीत हे तिन्ही प्रश्न विचारले, आणि तिला घेतलं. आई मात्र अजून तयार नाही. त्या आज इथं बसल्या आहेत, म्हणून जास्त बोलत नाही.

शेवटी मुलाखत. मोठ्या कंपन्या तुम्हाला थर्मोडायनॅमिक्स थोडं विचारतील, पण जास्त वेळ विचारतील की तुम्ही माणसांकडून काम करून घेतल्याचं एखादं उदाहरण सांगा. आपली पोरं तिथं गप्प बसतात. अरे, तुम्ही गेल्या वर्षी इथं चारशे पानांचा महाप्रसाद केलात ना? तो सांगा. माणशी पाच पुऱ्या, दोन हजार पुऱ्या. एका कढईतून मिनिटाला बारा निघाल्या तर पावणेतीन तास. म्हणून तुम्ही दुसरी कढई लावलीत, आणि तरी पंगत खोळंबली, कारण लाटणाऱ्या चारच जणी होत्या. मग पाचवा पोळपाट आला आणि पोरांना लाटायला बसवलं. अडलंय कुठं हे शोधून तिथंच हात वाढवणं, हे उत्पादन व्यवस्थापन आहे, आणि ते तुम्ही पितांबर नेसून केलंय. खरे आकडे देऊन सांगा. समोरचा माणूस खुर्चीत पुढे सरकून ऐकेल. फक्त सगळं "मी केलं" म्हणू नका, लाटणाऱ्या काकूंचं श्रेय त्यांना द्या, तेही तो टिपून घेत असतो.

आरतीला दहा मिनिटं आहेत, तबक मांडायला मंडळी उठली आहेत, म्हणून थांबतो. ज्यांच्याकडे नोकरीची पत्रं आली आहेत त्यांनी उद्या संध्याकाळी सात ते आठ मांडवात मागच्या टेबलाशी यावं. मी आणि आमच्या वर्कशॉपचे दोघे जण बसणार आहोत, पत्रं एकत्र वाचू. आईवडिलांना बरोबर आणा. मूळ पत्र आणू नका, झेरॉक्स आणा. गेल्या वर्षी एकाच्या पत्रावर पंचामृत सांडलं होतं.

गणपती बाप्पा मोरया!